गुणसीलीचे कॅहिबेल्ले

कॅहिबेल्ले यायचे ते गुणसीलीच्याच अंगणात. उजाडायच्या सुमाराला जंगलाच्या कडेने त्यांची करकर सुरू व्हायची, मग फणसावर एक लाल चोच दिसायची, मग दुसरी, आणि बघता बघता पाच-सहा निळे पक्षी तिच्या पडवीच्या भिंतीशी उतरायचे. तिथला दिवा रात्रभर जळतो. उजेडाला आलेले पतंग सकाळी सुस्त होऊन भिंतीला चिकटलेले असतात, ते कॅहिबेल्ले एकेक करून टिपत जायचे. पडवीत तिचे पाहुणे, कधी जर्मन, कधी जपानी, चहाचे पेले तोंडापर्यंत नेऊन तसेच थांबलेले.

इकडे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत यसवती नंदा नारळ खवत बसलेली असायची. पक्षी उतरले की खवणीचा आवाज वाढायचा.

“आज किती आलेत?” ती मान वर न करता विचारायची.

“सहा.”

“काल पाच होते.”

“काल मादी घरटं बघायला मागे राहिली असेल.”

“म्हणजे वाढतायत,” नंदा म्हणायची. माझं उत्तर तिने ऐकलेलंच नसायचं.

यसवती माझ्या वडिलांची बहीण; आत्याला आम्ही नंदा म्हणतो. सिंहराजाच्या जंगलाला लागून तिचं घर. मामा, म्हणजे तिचे यजमान (आमच्याकडे आत्याचा नवरा मामाच), भेरली माडांवर चढून त्यांचा रस काढतात आणि ती त्याचा गूळ करते. प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर मला कॅहिबेल्ल्यांच्या पाहणीचं काम मिळालं तेव्हा राहायला तिच्याकडे येणं ओघानेच आलं. कॅहिबेल्ला हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. अंग गडद निळं, डोकं आणि पंख तांबूस, चोच, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं लाल, शेपूट भलं लांब. लंकेच्या ओल्या आणि डोंगरी जंगलांखेरीज तो जगात कुठेच सापडत नाही. एकेका कुटुंबाची हद्द ठरलेली असते, आणि आधीच्या विणीची मोठी झालेली पिल्लं आईबापांजवळ राहून पुढच्या भावंडांना भरवतात. माझ्या वाट्याला आलेल्या कुटुंबाची हद्द ओढ्यापासून सुरू होऊन गुणसीलीचं आणि नंदाचं अशी दोन्ही अंगणं पोटात घेत होती. हे मी नंदाला पहिल्याच आठवड्यात सांगून बसले.

“म्हणजे ते जितके तिचे तितकेच माझे?”

“त्यांच्या हिशेबाने दोन्ही अंगणं त्यांची आहेत, नंदा.”

“मग इथे का येत नाहीत? तिच्या घरी काय सोन्याचे किडे आहेत?”

खरं दुखणं वेगळं होतं. गावात पाहुण्यांसाठी खोली पहिल्यांदा काढली ती नंदाने. रस्त्यावर पाटी तिचीच पहिली लागली. गुणसीली तेव्हा तिच्याकडे चादरी धुवायला मदतीला यायची, आणि पाहुण्यांना काय आवडतं, काय नाही, हे तिने इथेच बघून घेतलं. मग तिने शेजारी स्वतःची पडवी बांधली, पांढरा रंग दिला, दिवा लावला आणि पक्षी यायला लागले. त्यानंतर नंदाच्या खोलीत उतरायचे ते गुणसीलीकडे जागा उरली नाही म्हणून आलेले.

आणि आता रूपसिंघे येणार होते. कोलंबोच्या एका कंपनीतर्फे ते परदेशी पक्षीवेड्यांचे गट घेऊन गावोगाव फिरतात. आतापर्यंत ते आमच्या गावात थांबत नसत. मार्चपासून थांबायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि सगळे गट एकाच घरी ठेवायचे होते. कुठल्या घरी, ते फेब्रुवारीअखेर स्वतः येऊन बघणार होते. त्यांनी निरोप दोन्ही घरी पाठवला होता. ज्याचं घर ठरेल त्याची खोली वर्षभर भरलेली राहणार, आणि दुसऱ्याला पाटी काढून ठेवण्यावाचून गत नव्हती.

नंदाने तयारी सुरू केली. गुणसीलीसारखाच दिवा आणला, तिच्यापेक्षा मोठा. भिंत पांढरी करून घेतली. आमच्या भिंतीवर पतंग इतके बसायला लागले की मामा म्हणाले, “आता जेवायला बसलो की वाटीत काय पडलंय ते आधी बघावं लागतं.” पण कॅहिबेल्ले आले नाहीत.

“ते उघड्यावरून लांब उडत नाहीत,” मी नंदाला समजावलं. “झाडावरून झाडावर जातात. जंगलातून निघाले की पहिली बसायची जागा तिचा फणस. तिथून खाली भिंत दिसते, खाणं मिळतं. सवय झालीय त्यांना.”

“फणस माझ्या सासऱ्यांनी लावलाय.”

“पण कुंपण?”

“कुंपण नंतर झालं.” तिने खोबऱ्याची करवंटी इतक्या जोरात आपटली की मांजर पळालं.

जानेवारी संपता संपता गुणसीलीने घरावर मजला चढवायला घेतला. पाहुण्यांसाठी आणखी दोन खोल्या. विटा आल्या, बांबूंची परांची उभी राहिली, गवंडी आले. आणि मजला बांधायला काढला की जे सगळेच करतात ते तिनेही केलं. शर्ट-पँटमध्ये गवत कोंबून, डोक्याच्या जागी मडकं बसवून, त्यावर डोळे आणि जीभ रंगवून बुजगावण्यासारखा एक पंबया केला, आणि तो परांचीच्या कोपऱ्याला टांगला. नव्या कामाला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. बघणाऱ्याची नजर आधी बुजगावण्यावर जाते आणि तिथेच खर्ची पडते. इथे बांधकाम चाललेल्या घरावर तो दिसला नाही तरच लोक विचारतात.

पण नंदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतच राहिली.

“याचं तोंड इकडे आहे,” ती म्हणाली.

“रस्त्याकडे असेल,” मी म्हटलं.

“रस्ता तिकडे आहे. रस्त्यावरून सगळं जग जातं, तिकडे पाठ. तोंड माझ्या खिडकीकडे.” मग ती जरा पुढे वाकली. “अहो! जरा या इकडे.”

मामा गुळाची कढई सोडून आले.

“हा शर्ट कुणाचा आहे?”

मामांनी डोळे बारीक केले. “माझ्यासारखाच दिसतोय.”

“खिशाला मी लावलेलं ठिगळ आहे ते! तुम्ही दिलात?”

“मी तिच्या गवंड्याला दिला होता. अंगावर धड नव्हतं बिचाऱ्याच्या.”

“माझ्या हातचं ठिगळ लावलेला शर्ट घालून, माझ्याच नजरेपासून वाचायला, माझ्याच खिडकीकडे जीभ काढलेलं बुजगावणं!” नंदा खाली बसली. “आता तुम्हीच जाऊन त्याच्या शेजारी लटका, म्हणजे झालं.”

मामा परत कढईकडे गेले. ते वाद वाढवत नाहीत, कढई हलवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅहिबेल्ले फणसापर्यंत आले आणि थबकले. फणसाच्या शेंड्यापासून परांचीचा तो कोपरा फार तर दहा हातांवर होता. वाऱ्याने बुजगावण्याचे पाय हलत होते. थोरला नर फांदीवर पुढे सरकायचा, मान वाकडी करून बघायचा, मागे यायचा. सगळ्यांनी मिळून करकर केली. गुणसीलीच्या पडवीत दोन डच म्हातारे कॅमेरे धरून वाट बघत होते. मग कुटुंब वळलं, मामांच्या माडावर गेलं, तिथून सुपारीवर, आणि सुपारीवरून एकामागून एक नंदाच्या पांढऱ्या भिंतीशी उतरलं.

नंदाच्या हातातली खवणी थांबली.  पक्षी उडतील म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती. एका तरुण पक्ष्याने भिंतीवरचा केसाळ सुरवंट उचलला, सुपारीच्या बुंध्यावरच्या शेवाळावर घासघासून त्याचे केस काढले आणि मग गिळला.

“बघितलंस?” नंदा कुजबुजली. “माझ्याकडे धुऊन खातात.”

तीन-चार दिवस हेच चाललं. डच म्हातारे कुंपणावरून मान लांब करून बघू लागले. गुणसीलीने दिवा धुतला, भिंत धुतली, अंगणात पपई कापून ठेवली. पपई खारींनी खाल्ली. मग तिने मांत्रिक बोलावून लिंबं कापून घेतली, आणि चहाच्या दुकानातून गावभर बोलणं झालं, की गुणसीलीच्या पक्ष्यांना यसवतीची दृष्ट लागली. नुसतं तिच्याकडे यायचे थांबले असते तर गोष्ट वेगळी होती. पण थांबून गेले कुठे, ते सगळ्यांना दिसत होतं.

नंदाला हे दुकानातूनच कळलं. मला वाटलं ती चिडेल. ती साखरेचा पुडा कडेवर घेऊन अशी आली की जणू कुणी तिचा सत्कार केला होता.

“म्हणतात माझी नजर फार कडक आहे,” ती मामांना म्हणाली.

“ते मला लग्नापासून माहीत आहे.”

“थट्टा नको. पक्षी ओढून आणले म्हणे मी. नुसतं बघून.” ती खिडकीशी गेली आणि बाहेर बघून परत आली, हत्यार जागेवर आहे ना हे बघून यावं तशी.

मला राहवलं नाही. चुकीचं कारण कुणी धरून बसलं की मला आत कुठेतरी टोचतं.

“नंदा, तुझ्या नजरेचा संबंध नाही. ते बुजगावण्याला घाबरले. फणसाजवळ माणसासारखं काहीतरी लटकतंय, हलतंय, म्हणून त्यांनी वाट बदलली. बस.”

“बुजगावण्याला?”

“हो.”

“गवताच्या माणसाला?” तिचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही. आणि फार दिवस टिकणारही नाही. कावळ्याच्या जातीचे हुशार पक्षी आहेत. एकाच जागी तेच बुजगावणं रोज दिसलं, त्याने काही केलं नाही, की त्यांची भीती जाते. आठवड्या-दोन आठवड्यांत परत फणसावर बसतील.”

मला वाटलं होतं, हे ऐकून ती गुणसीलीला बुजगावणं उतरवायला सांगेल, निदान दुकानातलं बोलणं खोडून काढेल. नंदा चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली.

“तेच बुजगावणं, त्याच जागी असलं तर ना?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि बदललं तर?”

 

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी येऊन गेल्यावर नंदा धुतलेली साडी नेसून कुंपणाशी गेली. इतक्या वर्षांत ती तिथे कपडे वाळत घालायलासुद्धा जात नसे. गुणसीली विटांवर पाणी मारत होती.

“काय सुरेख मजला होतोय गं!” नंदा मोठ्याने म्हणाली. “अशी भिंत अख्ख्या गावात नाही. काय सरळ! काय गुळगुळीत!”

गुणसीलीच्या हातातली बादली कलंडली. आपल्याकडे कुणी असं तोंडभरून कौतुक केलं की वाखाणलेली वस्तू नासते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“कसली सरळ, यसवती अक्का,” गुणसीली घाईघाईने म्हणाली. “वाकडीच झालीय. गवंडी चोर निघाला.”

“छे! आणि तुझी तब्येत काय छान झालीय! गाल बघ कसे वर आलेत.”

“अंगावर सूज आहे, अक्का. रात्रभर पोटात दुखत होतं.”

“आणि केस! या वयात इतके काळे केस!”

गुणसीली डोक्यावर पदर घेऊन आत पळाली. दुपारी बुजगावण्याच्या मडक्यावर नागाच्या फण्यांचा लाकडी मुखवटा चढला होता, लाल-पिवळा, बटबटीत डोळ्यांचा. दुसऱ्या दिवशी कॅहिबेल्ले फणसाच्या आसपासही फिरकले नाहीत.

तेव्हापासून रोजचा क्रम झाला. दोन दिवस गेले की नंदा कुंपणाशी जाऊन काहीतरी वाखाणायची. जिना वाखाणला, बुजगावणं जिन्याकडे सरकलं. खिडक्या वाखाणल्या, त्याच्या हातात पत्र्याची तलवार आली आणि ती वाऱ्याने वाजू लागली. गुणसीलीच्या लेकीचं इंग्रजी वाखाणलं तेव्हा एक बुजगावणीणच आली, फुलाफुलांच्या झग्यात.

“लग्न लावून दिलं वाटतं,” मामा म्हणाले.

“बोलू नका,” नंदा म्हणाली. “उद्या त्यांना पोर होऊ दे.”

मी गप्प राहिले, कारण मला चांगले दिवस आले होते. ओढ्याकाठच्या एका सडपातळ झाडावर, शेंड्याच्या काटक्यांत कुटुंबाचं घरटं होतं, आत दगडफुलाचं मऊ अस्तर. मादी अंड्यांवर बसून होती. नर आणि मोठी मुलं नंदाच्या भिंतीवरून चोच भरून थेट तिच्याकडे जायची, आणि भिंत माझ्या खोलीच्या दारातच असल्याने कोण काय नेतो हे मला बसल्या जागी दिसत होतं. ज्याच्या शेपटाचं एक पीस तुटलं होतं तो तरुण पक्षी सगळ्यांत जास्त खेपा करायचा, आणि बापाने चोच पुढे केली की त्याला बाजूला ढकलून आधी स्वतः भरवायचा.

“हा आपल्यातलाच आहे,” नंदा त्याच्याकडे बघत म्हणाली. तिला तो आवडायचा.

रूपसिंघे आले ते पांढऱ्या व्हॅनमधून, बरोबर जयतिस्स नावाचा ड्रायव्हर. आधी ते गुणसीलीकडे गेले. परांचीखालून वाकून आत शिरताना बुजगावणीणीचा झगा त्यांच्या टोपीला लागला. गुणसीलीने त्यांना तीन प्रकारचे पदार्थ खाऊ घातले हे आम्ही वासावरून ओळखलं. पक्षी मात्र तिथे एकही नव्हता.

मग ते आमच्याकडे आले. नंदाने कशालाही घाई केली नाही. त्यांना भिंतीसमोर खुर्ची दिली, मामांच्या गुळाचा खडा आणि चहा दिला, आणि सुपारीकडे बघून ती म्हणाली, “येतीलच आता.” आणि ते आले. पाचही जण. चहा पेल्यातच राहिला. तुटक्या पिसाच्या पठ्ठ्याने रूपसिंघेंच्या पायापासून हातभर अंतरावर एक हिरवा बेडूक पकडून दाखवला.

“अफलातून,” रूपसिंघे पुटपुटले. “इतक्या जवळून मी स्वतः कधी बघितला नाही.” मग माझ्याशी घरट्याबद्दल, विणीबद्दल बोलले. खोली बघितली, न्हाणीघर बघितलं. “स्वच्छ आहे. छान आहे.” नंदाचे कान लाल झाले होते. कौतुकाची भीती तिला त्या दिवशी वाटली नाही.

“जयतिस्स, ये, तूही चहा घे,” रूपसिंघेंनी बाहेर हाक मारली.

जयतिस्स फाटकाबाहेरच उभा होता. “नको, महात्तया. प्यालोय.”

“निदान गूळ तरी खा, दादा,” नंदा म्हणाली आणि बशी घेऊन फाटकाशी गेली. “इतक्या लांबून चालवत आलास. काय दणकट गडी आहेस रे!”

तिच्या ओठांतून ते सवयीने निघून गेलं. जयतिस्सने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो व्हॅनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. रूपसिंघे त्याच्याकडे गेले. दोघं हळू आवाजात बराच वेळ बोलत होते. जयतिस्सचा आवाज मधूनच चढायचा. “तुम्ही शिकलेले आहात, महात्तया, तुम्हाला नसेल वाटत. चहाच्या दुकानात विचारा ना. शेजारणीला दुखणं लावलंय. रोज उभी राहून वाखाणते म्हणे!”

रूपसिंघे परत आले तेव्हा टोपी हातात घेऊन आले.

“यसवती अक्का, तुमची जागा मला मनापासून आवडली,” ते म्हणाले. “पण गट मला शेजारीच ठेवावे लागतील.”

नंदा बशी धरून उभी होती. “पक्षी माझ्याकडे येतात.”

“हो ना. ते कुंपणावरून दिसतातच. पाहुण्यांना तेवढं पुरेल.”

“खोलीत काही कमी आहे?”

“नाही, नाही.” त्यांनी टोपी गोल फिरवली. “पाहुणे काय, परदेशी, त्यांना कशाचं काही नसतं. पण माझे ड्रायव्हर आहेत, स्वयंपाकी आहेत, वाटाडे आहेत. त्यांना रात्री इथेच झोपावं लागणार, तुमच्या हातचं खावं लागणार. ते तयार नाहीत. मी त्यांच्यावर जबरदस्ती कशी करू? माझा या गोष्टींवर विश्वास नाही हं, अजिबात नाही.” असं म्हणता म्हणता त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

व्हॅन गेल्यावर नंदा पायरीवर बसली. कॅहिबेल्ले अजून भिंतीवर होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

“माझ्यासमोर त्याने हात मागे घेतले,” ती म्हणाली. “लहान पोरं कुत्र्यासमोर घेतात तसे.”

“नंदा...”

“तू म्हणाली होतीस ना, माझ्या नजरेत काही नाही म्हणून?”

“नाहीच आहे.”

“मग चल. तिला सांग. शिकलेली आहेस, तुझं ऐकेल. बुजगावणी काढायला लाव, पक्षी जाऊ देत तिच्याकडे. खुशाल जाऊ देत. पण हे नाव नको मला.”

मी तिला उठताना बघितलं. पक्षी सोडायला ती खरंच तयार होती, आणि ते तिला किती जड जात होतं हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं. आम्ही कुंपणाच्या फटीतून न जाता रस्त्याने वळसा घालून, रीतसर फाटकातून गेलो. गुणसीली खाटेवर बसली होती, डोक्याला काढ्याची पट्टी बांधलेली. नंदाला बघून तिने शेजारची दुधाची वाटी पदराखाली सरकवली.

“गुणसीली, ऐक,” नंदा म्हणाली. “मी काही केलेलं नाही. पक्षी तुझ्या बुजगावण्याला घाबरतात. ती दोन्ही खाली उतरव. आठवड्याभरात परत येतील. सांग गं.”

मी सांगितलं. फणस, अंतर, वाट, हलणारी वस्तू, सवय. शक्य तितकं सोपं करून सांगितलं. कागदावर दोन्ही अंगणं काढून दाखवली. गुणसीली शेवटपर्यंत ऐकत होती.

“म्हणजे मी बुजगावणी उतरवायची,” ती म्हणाली.

“हो.”

“मजला अर्धवट असताना. भिंतीला अजून छप्पर नाही, आणि राखणीला असलेलं तेवढंही काढून टाकायचं. आणि हे सांगायला कोण आलंय? यसवती अक्का.”

“मी खरं सांगतेय!” नंदा म्हणाली.

“रोज उभी राहून भिंतीला सरळ म्हणालीस, गालांना वर आलेत म्हणालीस, ते कशासाठी होतं?”

 खरं कारण सांगायचं तर बुजगावणी वाढावीत म्हणून, असं सांगावं लागलं असतं, आणि तेही ऐकायला काही बरं नव्हतं. तरी नंदाने सांगितलं. गुणसीली तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, पट्टी सरकेपर्यंत हसली.

“जळायचीस हे कबूल आहे ना पण?”

“आहे.”

“अजून जळतेस?”

नंदाने वर, ओल्या विटांच्या मजल्याकडे बघितलं. “जळते,” ती म्हणाली.

“मग काय फरक पडला? पक्षी बुजगावण्याला घाबरत असतील, माझी ना नाही. पण मजल्यावरून माझा गवंडी पडला तर त्याला ही पोरगी कुठला कागद काढून दाखवणार? नाही गं. दोघंही राहतील वर.” तिने पदराखालची वाटी बाहेर काढली, थोडं दूध दुसऱ्या वाटीत ओतून नंदापुढे धरलं. “आधी तू पी. मग मी पिते.”

अशी त्यांच्यात नवी रीत सुरू झाली. दृष्ट ज्याची लागते त्याला घास दिला की ती शांत होते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे रूपसिंघेंचे पहिले पाहुणे आले त्या सकाळी, पडवीत कुणाच्याही तोंडात काही जायच्या आधी, गुणसीली स्वतः झाकलेलं ताट घेऊन कुंपणाशी आली. नारळाच्या दुधात शिजवून थापलेल्या भाताच्या वड्या आणि वर लाल मिरचीचं वाटण.

“मी काय भिकारीण आहे?” नंदा आत मला म्हणाली.

“परत पाठवू?”

“पाठवलं तर म्हणेल, बघा, अजून राग आहे.” तिने ताट घेतलं आणि पायरीवर बसली. कुंपणापलीकडे आठ-दहा पाहुणे, दोन ड्रायव्हर आणि जयतिस्स श्वास रोखून बघत होते. पाहुणे तिच्या मागच्या भिंतीवरचे कॅहिबेल्ले बघत होते. बाकीचे तिचा घास बघत होते. तिने सावकाश खाल्लं, सगळ्यांना दिसेल असं.

“कसं झालंय, अक्का?” गुणसीलीने विचारलं. 

नंदाने तोंड वाकडं केलं. “अगदी फिकं. भात चिकट झालाय. इतकं वाईट मी कुठे खाल्लं नाही.”

कुंपणापलीकडे सगळ्यांचे खांदे सैल पडले. जयतिस्स हसत ताटावर बसला. गुणसीली समाधानाने आत वळली, पाहुण्यांची भांडी खणखणायला लागली.

नंदाने ताटाला उरलेलं लाल वाटण बोटाने निपटून चाटलं. मग पुन्हा निपटलं, डोळे मिटून जिभेवर घोळवलं, आणि तिच्या कपाळाची शीर ताठ झाली.

“ए पोरी,” ती हलकेच म्हणाली, “तिची लेक तुझ्याशी बोलते ना? विचारून ये. वाटणात सुकी मासळी भाजून घालते की तशीच?”